अकराच्या ठोक्याला बंद होणारं दार

तिसऱ्या मजल्यावरच्या पुस्तकदुरुस्तीच्या खोलीत ती शिरली आणि दारातच थबकली. एक अनोळखी माणूस शिडीवर चढून, छताखालच्या लाल पाइपला नाक लावून उभा होता.

"काय हुंगताय?"

"धूर." त्याने खाली बघितलं... जरा जास्तच वेळ बघितलं. "इथे अकराच्या सुमाराला कोण असतं?"

"मी. का?"

"रोज?"

डोळे हसरे, आवाज गोड, पण चौकशी मात्र पोलिसी. तिला तो तिथेच खटकला.

या भल्यामोठ्या ग्रंथालयात धूर ओळखणारं यंत्र त्यानेच महिन्यापूर्वी बसवलं होतं. तेव्हा तिची पंधरा दिवस तळघरात रवानगी झाली होती, म्हणून गाठ पडली नव्हती. ती वर परतली आणि आठवड्यात दोनदा, अकराच्या सुमाराला, भोंगा वाजला. दोन्ही वेळा सगळे वाचक रस्त्यावर. आग कुठेच नाही. त्या खोलीत काम करणारी ती एकटीच, त्यामुळे बाइंडरबाई चोरून सिगारेट ओढतात ही कुजबुज कँटीनपर्यंत पोचली. ग्रंथपालांनी बोलावून थंडपणे सांगितलं, दोष तुमच्या खोलीचा निघाला तर खोली बंद, काम बाहेर देऊ. याच टेबलावर आधी बाबांनी तीस वर्षं काढली होती.

तपास होईपर्यंत भोंगा बंद ठेवून धूरवाला रोज यायला लागला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप. ती मान वर करायची, तेव्हा तो नेमका स्क्रीनकडे बघायला लागायचा.

"माझ्यावर पाळत ठेवताय?"

"हवेवर. पाइपला बारीक भोकं आहेत. खालच्या पेटीतला पंखा सगळीकडची हवा ओढून लेझरसमोर नेतो. धुराचा कण आला की उजेड विखुरतो. आपल्या नाकाआधी त्याला कळतं."

"म्हणजे चहाडखोर आहे."

"चौकस आहे."

"ज्याने बसवलं त्याच्यावर गेलंय."

तो हसला, आणि तिला उगाचच कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं.

पण अकरा वाजले की ती त्याला बाहेर काढून आतून कडी लावायची. चामडी पुठ्ठ्यावर नाव उठवताना कुणी बघायचं नाही, हात हलतो — ही बाबांची शिस्त. ते त्याला समजावून सांगायचं म्हणजे कबुलीजबाब दिल्यासारखं, म्हणून ती बोललीच नाही. तो मुकाट्याने बाहेर जायचा, आणि बरोबर त्याच वेळी त्याच्या स्क्रीनवरची धुराची रेघ चढायची. संशयाला आणखी काय हवं?

"बारा दिवस झाले, एकाच माणसाबद्दल तक्रार करते आहेस," आई जेवताना म्हणाली.

"आई, तो मला घरी बसवायला आलाय."

"हो का? दिसतो कसा?"

तेराव्या दिवशी त्याने शेवटच्या भोकाखाली दोऱ्याचा तुकडा पेटवून विझवला. पेटीपर्यंत धूर पोचायला किती वेळ लागतो, ते मोजायचं होतं. घड्याळ तिच्या हातात दिलं. दोघं जवळजवळ उभे... वीस... तीस... तो एकदम तिच्या बाहीकडे झुकला.

"तोंडाचा वास घेताय?" ती मागे सरकली.

"बाहीचा. चामडं करपल्यासारखा... आत काय करता तुम्ही?"

मग कपाटामागून पितळी अक्षरांचा डबा काढून तिने त्याच्यासमोर ठेवला. "ही तापवून दाबते. डोळ्याला दिसेल इतकाही धूर येत नाही हो."

"मी यंत्र बसवलं तेव्हाही करत होतात?"

"नाही. यंत्र शिकतंय, पंधरा दिवस काही करू नका, असं वरून सांगितलं. तळघरात शिलाई करत होते."

त्याने कपाळावर हात मारला. "अहो, ते रोजची हवाच शिकत असतं. सगळे शहाण्यासारखे गप्प बसले, आणि त्याला वाटलं, इथली हवा अशीच."

म्हणजे धूर तिचाच होता. आता हा काय लिहिणार, या धास्तीने तिला दुपारभर टाका नीट घालता आला नाही.

संध्याकाळी ग्रंथपालांनी अहवाल तिच्यापुढे सरकवला. चूक बसवणाऱ्याची, असं त्याने सहीनिशी लिहिलं होतं. यंत्राला चालू कामाची हवा पुन्हा शिकवावी, खोली जिथे आहे तिथेच राहावी. तिचे डोळे भरून आले. आणि लगेच मनात पाल चुकचुकली... स्वतःवर का घेतलं? तिने थेट त्याच्या ऑफिसला फोन लावला.

तो जिन्यात भेटला.

"तुमच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, आकडे तिकडे बसूनच दिसतात. मग तेरा दिवस इथे काय करत होतात?"

तो कठड्याकडे बघत राहिला. "पहिले दोन दिवस तुमच्यावर संशय होता."

"आणि नंतरचे अकरा?"

"तुमचा दोष नाही, याचा पुरावा शोधत होतो. आणि... तो लवकर सापडू नये, असंही वाटत होतं."

"हे लिहिलंत अहवालात?"

"नाही."

"बरं केलंत." ती दोन पायऱ्या उतरली, थांबली. "उद्या किती वाजता येताय?"

"उद्या माझं इथे काही काम नाही."

"कामाचं मी विचारलंच नाही," ती म्हणाली.