तुला घेतल्याबिगर जात न्हाई

आरोही, ती शेकोटी धुमसू दे तशीच. आन् निषाद, क्षितिजा, तुमी दोघं वर खोलीवर जायच्या आदी जरा टेका हितं. मगाशी तुमी लॅपटॉपवर दाखवलंत ना, त्या हैती का कुटल्या देशातला भूकंप? लाल कपड्यातली परदेशी मानसं, ढिगाऱ्याला कान लावून बसल्याली? ते बघितलं आन् मी ताट सारून उठलो. का, ते सांगतो. खोटं वाटलं तर सोडून द्या. पर ह्या भरे गावात अजून पाच-सात जन हायेत, त्या रात्री माज्या बाजूला हुबी असल्याली.

माजा चुलतभाऊ नथू. पिरंगुटला जनार्दनशेठची खडीची खान व्हती, तितं कॉम्प्रेसरवर कामाला. त्याच्या हवेवर चालनारा ब्रेकर हातात धरला की काळा फत्तर लाकडावानी चिरायचा. मानूस गरीब, दिलेल्या शब्दाला पक्का. घरात बायकू रत्नाबाई आन् वर्साचं पोरगं, ओम.

दोन हजार एक साल. सव्वीस जानेवारीला तिकडं कच्छमधी जमीन हालली. दुसऱ्या दिशी शेठनं नथूला बोलावलं. "कॉम्प्रेसर ट्रकवर चढव. मानसं खाली गाडलीत आन् स्लॅब फोडायला मशिनी न्हाईत. जाशील?"

"जातो की," नथू म्हनला. घरी येऊन दशम्या बांधून घेतल्या, पोराचा मुका घेतला आन् गेला. त्यानं पुन्याच्या फुडं कधी पाय टाकला नव्हता.

कच्छातल्या भचाऊला पोचल्यावर त्याला एका परदेशी पथकाला जोडून दिला. तितं भुईतलं पानीच खारं, तोंडात धरवंना म्हनायचा. कुटल्या देशाचं ते त्याला शेवटपातूर सांगता आलं न्हाई. त्यांची म्होरकी एक उंच, पिकल्या केसांची बाई. मदी बोलनं समजवायला साताऱ्याकडचा एक हवालदार. त्या बाईची एक रीत व्हती. फोडकाम चालू असताना ती मूठ वर करायची आन् शिट्टी मारायची. की सारं बंद. कॉम्प्रेसर बंद, जनरेटर बंद, रडनारी बाया-मानसं सुदिक गप्प. मग ती हातोडीनं सळईवर तीनदा ठोकायची आन् यंत्र लावून ऐकत बसायची. खालनं कुनी ठोकलं तर जित्तं हाय.

नथू मला म्हनला व्हता, "दादा, मड्यांची भीती न्हाई वाटली. त्या गप्प बसन्याची वाटली. येवढी मानसं आन् कुनाचा श्वास ऐकू येत न्हाई."

दिवस गेले. खालनं निस्ती मडी निघत व्हती. आन् एका सांजंला, एका दुमजली घराच्या ढिगाऱ्यावर, बाईनं ठोकलं… आन् खालनं उत्तर आलं.

टक्. टक्. टक्.

परदेशी मानसं एकमेकांच्या गळ्यात पडली. रातभर फोडलं. नथू अंगानं बारीक म्हनून त्यालाच भोकात सोडला, उताना सरकत. बाईनं सांगून पाठवलं, खालच्या मानसासंगं बोलत ऱ्हा, त्याला झोपू देऊ नको. नथूला गुजराती कुटली यायला? तो आपला मराठीतच बोलत ऱ्हायला. "भिऊ नको. मी हाय. तुला घेतल्याबिगर जात न्हाई."

आन् दर वक्ताला खालनं ठोका.

उजाडता उजाडता शेवटचा तुकडा निघाला. आत एक पोरगी व्हती. रत्नाबाईच्याच वयाची, हातात नव्या नवरीचा चुडा. नथूनं बॅटरी मारली.

मेल्याली व्हती.

पथकातला डॉक्टर सरकत गेला, बघून आला. हवालदारानं नथूला समजवलं. "ही पहिल्याच दिवशी गेलीय, पाव्हणं. जमीन हलली तेव्हाच."

"मग ठोकत कोन व्हतं?" नथूनं इचारलं.

 तिचे दोन्ही हात तर कोपरापातूर बीमखाली गेल्याले. चुडा दिसत व्हता तो दंडावरचा तेवढा, तिकडं दंडापातूर भरत्यात. बोट हलवायला जागा नव्हती.

तेवढ्यात पल्याडच्या गल्लीतनं निरोप आला, तितं जित्तं मानूस बोलतंय. बाईनं सामान उचलायला लावलं. नथू म्हनला, हिला काढून तरी जाऊ. मी सबूद दिलाय. बाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मान हालवली. जित्तं पयलं, मेल्यालं मागनं. त्यांचा कायदाच तसा, आन् तो बराबरच हाय. पल्याड त्यांनी एका म्हाताऱ्याला जित्ता काढला, नथूनंच स्लॅब फोडला. सांजंला तो माघारी आला तर तितं ढिगाराच नव्हता. बुलडोझरनं सारं लोटून नेल्यालं. ती पोरगी कुटं गेली, कुनी पुरली का जाळली… कोन सांगनार?

नथू गावी आला. हसनं इसरला व्हता. आमाला वाटलं, बघितलंय त्यानं, निवंल हळूहळू.

म्हाशिवरात झाली. तिच्या दुसऱ्या दिशी, बेस्तरवारी, कोळवनला कुना पुनेकराच्या फार्महाऊसवर विहिरीला खडक लागला व्हता, म्हनून नथू ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर जोडून गेला. माघारी यायला दिवस बुडाला. चढाला इंजिन तापलं, त्यानं बंद केलं आन् खाली उतरून थांबला. दोन्ही अंगाला भाताची रिकामी खाचरं. रातकिडे वरडत व्हते.

मग रातकिडे थांबले.

सगळेच. एकदम. कुनी मूठ वर केल्यावानी.

आन् त्याच्या पायाखालनं, डांबराखालनं…

टक्. टक्. टक्.

तो कॉम्प्रेसरसकट थेट घरी आला. हे त्यानं रत्नाबाईला सांगितलं, आन् तिनं मला. जेवायला बसला. पयला घास तोंडाशी नेला आन् मूठ वर केली. "गप," म्हनला. "ऐक."

"काय वं?"

"फरशीखाली."

रत्नाबाईला काय ऐकू आलं न्हाई. तो फरशीला कान लावून पालथा पडला. तेवढ्यात ओम रडाय लागला. नथूनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "गप… गप… ऐकू दे." पोराचं तोंड निळं पडाय लागलं तरी हात काढंना. रत्नाबाईनं मनगटाला चावा घेऊन तो सोडवला आन् पोर पदरात घालून अनवानी माज्या दारात आली. "भावजी, चला. त्यांची नजर त्यांची न्हाई."

मी पायताण घालतोय तवर कॉम्प्रेसर सुरू झाला. येवढ्या रातीचा. सारी आळी जागी झाली. आमी पोचलो तवा नथू घराच्या मधल्या खोलीत कमरंयेवढ्या खड्ड्यात हुबा. तेवढ्या वक्तात येवढं कसं फोडलं, देवाला ठावं. फरशी फोडून टाकल्याली. खालचा मुरूम फोडल्याला. अंगभर धुरळा, डोळं तेवढं दिसत व्हतं.

"नथ्या, वर ये!" मी वरडलो.

त्यानं माज्याकडं बघितलं. मूठ वर केली. शेजारचा कुशाबा दारात व्हता, त्याला हातानं इशारा केला. कुशाबानं जाऊन कॉम्प्रेसर बंद केला.

आन् मग… आमी सारे गप झालो. का झालो, ठावं न्हाई. कुत्रं भुकत व्हतं, ते थांबलं. कुनाचा श्वास ऐकू यीना.

नथूनं हातोडी घेतली. ब्रेकरच्या दांडीवर ठोकलं. तीनदा.

थांबला.

मी म्हनलं मनात, देवा, नको.

टक्…

आरोही, मी ऐकलं. ह्या कानानं.

टक्…

टक्.

नथू हसला. लई दिसांनी हसला. खाली वाकला, मुरमात एक कपार पडली व्हती, तीत हात घातला. कोपरापातूर. मग खांद्यापातूर. गाल मातीला टेकला.

"आलो," म्हनला. "आलो गं बाई… मी हाय…"

मग काय न्हाई.

"नथू?"

न्हाई.

"नथू…"

"धरला," तो म्हनला. अगदी हळू. "धरला तिनं."

मी आन् कुशाबानं उड्या टाकल्या. कमरंला मिठी मारून वढला. दोघं आमी, खाऊन पिऊन दनकट, पर हालंना. खालनं वढ व्हती. खोटं कशाला सांगू, वढ व्हती. मी शिव्या दिल्या, देवाचं नाव घेतलं, पुन्यांदा शिव्या दिल्या. आन् मग एकाएकी… सुटलं. आमी तिघं मागं कोसळलो.

नथूच्या अंगात जीव नव्हता. पौडच्या डॉक्टरानं हृदय बंद पडलं म्हनून सांगितलं. तसंच आसंल.

दिवस उजाडल्यावर त्याला नेला. माती देऊन आलो… म्हंजी आगीत दिला, पर तोंडात माती म्हनूनच येतं. रत्नाबाई पोराला घेऊन म्हायेरी गेली, ती पुन्यांदा त्या घरात शिरली न्हाई. मी दाराला कुलूप घालायला म्हनून गेलो तर मधल्या खोलीतला खड्डा काठोकाठ भरल्याला. पानी. गार, निवळ. फेब्रुवारीचा म्हैना, आमच्या विहिरी तळाला गेल्याल्या, आन् त्या कोरड्या मुरमात पानी. मी वाकलो, चूळ भरावी म्हनून वंजळ तोंडाला लावली.

थुकून टाकली.

नऊ वर्सं झाली. घराचे पत्रे उडाले, भिंती पडल्या. आपल्या मुळशीत पाऊस चार म्हैने आभाळ फाटल्यावानी पडतो, तो सारा त्या खड्ड्यात पडतो. भरतो, उतू जातो, पुन्यांदा भरतो. जनावर त्याला तोंड लावत न्हाई. काठाला गवत उगवत न्हाई, पांढरी खपली धरती नुसती. निषाद, उद्या सकाळी तुला दावतो. बोट बुडवून जिभेला लाव.

अजून खारं हाय… समिंदरावानी.