पाटी झाकली तरी टिटवी

सगळ्यांत वेगवान विमान कोणतं, हे यंत्र चुटकीसरशी सांगतं. पण लोकांच्या मनात कायमचं घर करणारं विमान कोणतं? इथे मात्र भलेभले डोकं खाजवतात! पारखी नावाच्या यंत्रमानवाला तर या प्रश्नाने पार घोळात टाकलं.

गोष्ट २०६१ सालची. एका विमान-संग्रहालयात एकाच विमानापुरती जागा उरली होती आणि दारात विमानं होती दोन. एक 'विद्युल्लता', आवाजाच्या सहापट वेगाने जाणारं. दुसरं 'टिटवी', जुनं, ठेंगणं, औषधं वाहणारं. लोकांच्या कायम लक्षात राहील असं विमान निवडायचं काम पारखीकडे होतं; त्याने वेग पाहून विद्युल्लता निवडली. टिटवी दुपारी चार वाजता भट्टीत वितळायला जाणार होती.

टिटवी घडवली होती बापू देवधरांनी. त्यांची अकरा वर्षांची नात शाल्मली तणतणत पारखीपुढे उभी राहिली.

"आमच्या टिटवीला नापास केलंसच कसं?"

"वेग कमी, उंची कमी," पारखी शांतपणे म्हणाला. "शिवाय अर्जात 'वैशिष्ट्य' म्हणून देवधरांनीच लिहिलंय, 'विशेष काही नाही.'"

"आजोबा!"

बापू चष्मा पुसू लागले. "अगं, आपली टिमकी आपणच काय वाजवायची? आकडे भरले, झालं." बिचारे बापू, जन्मभर हेच करत आले होते.

"धन्य आहे तुमची! निदान मला तरी सांगा, हिचे पंख एवढे लांबरुंद का?"

आता मात्र बापूंची कळी खुलली. "हे बघ, विमान पुढे जाताना पंख हवेला खाली ढकलतात आणि हवा पंखांना वर ढकलते. याला म्हणतात उत्थापन बल (विमानाला वर उचलून धरणारा जोर). वेग घटला की हा जोरही घटतो. मेळघाटातल्या पाड्यांवर धावपट्टी नव्हती, शाळेच्या मैदानाएवढी जागा काय ती होती. तिथे उतरायचं तर हळू यायला हवं. मग जोर आणायचा कुठून?"

"पंख मोठे करून!"

"शाबास! चिखलात रुतू नयेत म्हणून चाकं फुगीर. पोट जमिनीलगत, कारण खोकी उतरवायला तिथे शिडी कुठली?"

"म्हणजे हे ध्यान असं दिसतं ते कामामुळेच!" शाल्मली हसली.

"समजलं," पारखी म्हणाला. "पण उपयोगी विमानं पुष्कळ आहेत. हीच लक्षात राहते, याला पुरावा?"

तीन वाजले होते. शाल्मलीने दोन्ही विमानांच्या नावाच्या पाट्या कागदाने झाकल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं विचारत सुटली. विद्युल्लतेला चौघांनी चार नावं दिली. टिटवीकडे तर कुणी ढुंकूनही पाहीना. शाल्मली रडायच्या बेतात होती.

तेवढ्यात एक परिचारिका टिटवीसमोर थबकली. तिचं नाव फुलमा कासदेकर.

"ही टिटवी! हिला पाटी कशाला हवी? मी सात वर्षांची असताना मला साप चावला. पुराने रस्ता बंद. आई मला मांडीवर घेऊन आभाळाकडे बघत बसलेली. हे रुंद पंख दिसले आणि तिला आनंदाने रडूच कोसळलं. औषध अजून उतरलंही नव्हतं हो! नुसते पंख बघून तिला कळलं, पोर वाचली."

बापूंनी हे आजवर कधीच ऐकलं नव्हतं. ते टिटवीच्या चाकाला धरून मुकाट्याने रडले.

पारखीने टिटवीच्या पंखांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आकार कामातून आला. काम माणसांच्या आयुष्यात शिरलं. म्हणून नुसता आकार दिसला तरी त्यांना सगळं आठवतं. हे मी मोजलंच नव्हतं. भट्टीचा हुकूम रद्द, संग्रहालयातली जागा टिटवीची!"

शाल्मलीने आनंदाने उडीच मारली. मग तिने फुलमाला विचारलं, "मावशी, आज अशी वाट कोण बघतं?"

"समुद्रावरच्या तरंगत्या वस्त्या," फुलमा म्हणाली. "वादळात तिथे कुणीच पोचत नाही. तिथे धावपट्टीच नाही."

बापूंनी डोळे पुसले आणि खिशातलं पेन शाल्मलीच्या हातात दिलं.

"लिहून घे," ते म्हणाले. "फुलमाताई, तिथल्या लाटा किती उंच असतात?"