घरी नेणारं माणूस

कोलोनोस्कोपीच्या फॉर्मवर ‘घरी नेणारी व्यक्ती’ या ओळीपुढे गुरुनाथरावांनी आडवी रेघ मारली. या एका ओळीपायी त्यांनी दोनदा तपासणी कॅन्सल केली होती. भुलीचं इंजेक्शन घेतलं तर न्यायला ओळखीचं माणूस हवं, टॅक्सी चालत नाही, हा क्लिनिकचा नियम. आणि कुणाला कशाला त्रास, हा गुरुनाथरावांचा.

शेजारचा केदार म्हणालाही होता, “काका, मी ड्राइव्ह करतो ना. एक मीटिंग कॅन्सल केली की झालं.”

“नको रे. भुलीशिवायच करतो. माझा मी येईन.”

शैलजा असती तर प्रश्नच नव्हता. पाच फूटही नसलेली ही बाई इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या बर्फात बिनधास्त गाडी हाणायची. सीट मात्र इतकी पुढे ओढून ठेवायची, की नंतर बसताना यांचे गुडघे स्टिअरिंगला आपटायचे. त्यावरून दोघांचं रोज वाजायचं. ती जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून सीट मागेच होती, जागची हलली नव्हती, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटायचं.

वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरनं गेले. गुरुनाथराव आता सत्तावन्नचे. आज तपासणी पुरी व्हायलाच हवी होती.

नळी आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत गेली, तोवर निभावलं. पुढच्या वळणाला पोटात अशी कळ उठली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“थांबवू का?” डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं. “अर्धवट राहील, पण...”

तेवढ्यात पोटावर एक तळवा टेकला. लहानसा, ऊबदार.

“अहो, पोट सैल सोडा. सगळं मेलं एकट्यानं अंगावर घ्यायचं!”

त्यांनी पोट सैल सोडलं. कळ ओसरत गेली. चार वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

“दोन लहान गाठी होत्या, काढून टाकल्या. वेळेवर आलात,” डॉक्टर शेवटी म्हणाले.

आवाज भास असेल, पण हात नर्सचाच, असं धरून गुरुनाथरावांनी तिचे आभार मानले. “तुम्ही पोटावर हात ठेवलात, म्हणून निभावलं.”

“मी?” ती गोंधळली. “मी तर सगळा वेळ मॉनिटरपाशी होते.”

त्यांनी कपडे घातले, लॉकरमधली गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर आले.

दोन तासांत चांगलाच बर्फ पडला होता. पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या पांढऱ्या. त्यांच्याच गाडीची काच कुणीतरी खरवडली होती, तीही खालची निम्मीच. त्याच्या वर हात पोचला नसावा.

दार उघडून ते आत बसले.

गुडघे स्टिअरिंगला आपटले.

एरवी कुरकुरत सीट मागे ढकलली असती. आज ते उतरले, वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. त्यांना हसूच आलं. पट्टा ओढून लावला.

खट्.

मग डावीकडून, ड्रायव्हरच्या सीटवरून, दुसरा खट् आला.