सयाजीची खुंटी

त्या रविवारी सकाळी ज्योतीराम चिंचवडच्या बँडच्या दुकानात गेला तो फक्त आपला लाल कोट परत करायला. बँड सोडणार होता तो. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पुण्याच्या रेडिओवर त्याची परीक्षा होती. क्लॅरोनेट घेऊन अकरा वाजता हजर राहा, असं पत्रच आलं होतं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या लग्नात उन्हातान्हात ओठ सोलवटून घेतल्यावर माणसाला एकदा तरी सावलीत बसून वाजवावंसं वाटणारच की!

दुकानाचे मालक यशवंतराव डोक्याला हात लावून बसले होते. चाकणजवळच्या एका वाडीत दुपारचं लग्न, बाकीचे सगळे ट्रकात चढलेले, आणि बेस वाजवायला माणूस नाही. बेस म्हणजे ते अंगाला वेढा घालणारं थोरलं पितळी वाजं. ते वाजवणारा सयाजी महिन्यापूर्वी तापानं गेला होता.

"ज्योतीराम, भावा, तुला क्लॅरोनेट येते, कॉर्नेट येतं, बेससुद्धा येतो. एवढी एक वेळ मारून ने."

"उद्या माझी परीक्षा हाय, राव. ओठ सुजले तर?"

"पाया पडू का तुझ्या?"

आता म्हाताऱ्या माणसानं असं म्हटल्यावर काय करणार? ज्योतीरामनं सयाजीच्या खुंटीवरून बेस उतरवला, त्याच रिकाम्या खुंटीला आपल्या खांद्यावरची क्लॅरोनेटची पिशवी अडकवली आणि ट्रककडे धावला.

इथंच घात झाला बघा. गेलेल्या माणसाचं वाजं घ्यायचं तर त्याच्या खुंटीला नारळ बांधायचा, म्हणजे ते उसनं घेतलं असं होतं. आपलं वाजं तिथं टांगायचं नाही; टांगलं की ती अदलाबदल झाली. बँडमधल्या कुणालाही विचारा, सांगेल. पण घाईत ज्योतीरामच्या ध्यानातच आलं नाही.

टळटळीत बाराला नवरदेव मारुतीला निघाला. ज्योतीरामनं बेसला ओठ लावले. सगळं पितळ उन्हानं तापलेलं, पण तोंडाची वाटी तेवढी थंडगार, आणि तिला सयाजीच्या तंबाखूचा वास. भुम... भुम... दोन सूर, आलटून पालटून. ज्योतीरामला मनातून वाईट वाटलं. सयाजीनं जन्मभर एवढंच वाजवलं होतं. "मला तेवढी क्लॅरोनेट शिकव रं," म्हणून किती मागं लागायचा बिचारा! आणि हा हसून म्हणायचा, "सयाजीभाऊ, तुमचं भुम-भुमच बरं हाय."

तेवढ्यात मागून क्लॅरोनेट आली.

पथकात आज क्लॅरोनेट नव्हतीच. आणि धून तर ज्योतीरामचीच होती, रेडिओसाठी सहा महिने दार लावून बसवलेली भैरवी! सूर कच्चा, नवशिक्याचा. वरच्या सुरावर जाताना घसरला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

नवरदेवाचा बाप तात्याबा चालता चालता जवळ आला. "राव, क्लॅरोनेट कोन वाजवतंय?"

"तुमाला... ऐकू येतीय?"

"व्हय की. पर मानूस कुटं दिसंना..."

ज्योतीरामनं फुंकर थांबवली. क्लॅरोनेटही थांबली. मागं कुणीतरी वाट बघत उभं राहिलंय असं त्याला वाटलं, पण वळून बघायची छाती होईना. मग त्याचे ओठ आपोआप थरथरले. भुम... आणि भैरवी पुन्हा सुरू झाली.

दर फेरीला ती सुधारत होती. वरचा सूर तिकडे नीट लागला, आणि इकडे ज्योतीरामला आठवेना की तो कुठल्या बोटाचा. मारुतीचं देऊळ येईस्तोवर भैरवी अशी वाजत होती की बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. त्याला स्वतःला ती तशी कधीच जमली नव्हती. तो बेसमध्ये फुंकत होता आणि ढसाढसा रडत होता.

उतरत्या उन्हात ट्रक दुकानाशी आला. पिशवी खुंटीलाच होती. गाठ त्यानं मारली होती तशीच. आत क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती मात्र ओली, थुंकीनं भिजलेली. त्यानं क्लॅरोनेट तोंडाला लावली. फुस्स! नुसती हवा. बोटं कुठं ठेवायची हेसुद्धा कळेना.

यशवंतराव खुंटीकडे बघतच राहिले. "नारळ... नाही बांधलास तू?"

ज्योतीराम क्लॅरोनेट तिथंच टाकून घरी आला.

सोमवारी तो परीक्षेला गेलाच नाही. काय तोंड घेऊन जाणार? पांघरूण घेऊन पडून राहिला. अकराच्या ठोक्याला त्याचे ओठ आपोआप फडफडायला लागले. भुम... भुम... कौशल्याबाई, त्याची बायको, घाबरून गेली. तिनं ओला फडका दाबून धरला, तरी पाव तास ते थांबले नाहीत.

आठ दिवसांनी रेडिओचं पत्र आलं. ज्योतीरामनं मोठ्यानं वाचलं, "श्री. ज्योतीराम यांस, सोमवारी आपण केलेले क्लॅरोनेटवादन पसंत पडले आहे."

"अगं बाई!" कौशल्याबाई साखर आणायला उठली, ती तशीच थबकली. "पर तुमी तर... घरीच व्हता न्हवं?"

तो पुढं वाचत होता. "आपल्या मागे बसून बेसची साथ करणाऱ्या गृहस्थांचे नाव अर्जात राहिले आहे. ते उलटटपाली कळवावे."

कौशल्याबाईला वाचता येत नव्हतं. तिनं दौत-टाक त्याच्यापुढं सरकवला. "तुमीच असाल त्ये. लिवून टाका की आपलं नाव."

"माझं नाव... त्यांनी सयाजीला दिलंय गं."