पान एकशे चौऱ्याऐंशी

लेखकमहाशयांनी दार लावलं, कडी दोनदा ओढून पाहिली आणि मगच खुर्चीत बसले.

"उद्या माझा सत्कार आहे," ते म्हणाले. "आणि उद्याच माझा खून होणार आहे."

ढब्बूने चटकन आपली खुर्ची आत्याजवळ ओढली. चाळिशी उलटली तरी खासगी गुप्तहेर असलेल्या आत्याच्या हाताखाली काम करताना त्याची भीड चेपली नव्हती.

लेखकांचं पुस्तक एका युद्धातल्या लढाईवर होतं. विमानांतून हवाई छत्रीने उतरलेले सैनिक पुलापाशी वेढले गेले, बिनतारी यंत्र सांभाळणारा सैनिक पळून गेला आणि मदत आलीच नाही, असं त्यात होतं. प्रकाशकाकडे वाचकांचे अभिप्राय कार्डांवर येत. बहुतेकांनी कौतुक केलं होतं. तीन कार्डं मात्र निनावी, टंकलिखित होती. ढब्बूने शेवटचं वाचलं.

'पान १८४. बिनतारीवाला पळाला नाही. खोटं मागे घ्या, नाहीतर सत्काराला तुम्हीही उंचावरून पडाल. छत्रीशिवाय.'

सभागृह चौथ्या मजल्यावर होतं. ढब्बूने घाईघाईने पुस्तक उघडलं. पान १८४ वर नुसतं बुटांचं वर्णन होतं.

"आत्या, हा वेडाच दिसतोय!"

"वेडे फार बारकाईने वाचतात रे," आत्या म्हणाली.

मग आत्या संशयितांच्या भेटीला निघाली. पुस्तकावर उघड टीका करणाऱ्या एका निवृत्त कॅप्टनने तर दारातच तोफ डागली. "पान एकशे ब्याण्णव उघडा! म्हणे बिनतारीवाला पळाला! असल्या लेखकाला फटके द्यायला हवेत!"

ढब्बू दोन पावलं मागे सरकला.

प्रकाशक रडकुंडीला आला होता. "मी कशाला धमकावू? ऐनवेळी पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशांची आठ पानं घातली, तीसुद्धा पदरमोड करून!"

शेवटी भेटले पुस्तकाचे सत्तरी ओलांडलेले मुद्रितशोधक. डोकं वर न काढता ते म्हणाले, "छपाईआधीची कच्ची मुद्रितं मी तपासली. छापलेलं पुस्तक मी कधीच उघडत नाही. चूक दिसली तर झोप उडते."

तेवढ्यात छपरावरून विमान गेलं. आवाज विरेपर्यंत त्यांनी टेबलाची कड सोडली नाही.

संध्याकाळी आत्याने सगळ्यांना प्रकाशकाच्या खोलीत बसवलं. लेखक भिंतीला पाठ लावून उभे होते.

"बिनतारीवाल्याचा मजकूर पुस्तकात १९२ वर आहे. कॅप्टननी तोच आकडा सांगितला, कारण त्यांनी छापील पुस्तक वाचलंय. नकाशांची आठ पानं वजा करा. १८४! कार्ड लिहिणाऱ्याने फक्त कच्ची मुद्रितं पाहिली होती. आठ पानं घालणारे प्रकाशक ही चूक करणार नाहीत. छापलेलं पुस्तक कधीच न उघडणारा माणूस मात्र करेल." ती मुद्रितशोधकांकडे वळली. "आणि विमानाला तुम्ही एवढे का घाबरता, काका? बिनतारीवाले तुम्हीच ना?"

म्हाताऱ्याने होकारार्थी मान हलवली.

"उतरतानाच बिनतारी सेट फुटला. निरोप द्यायला मी नदी पोहून गेलो. परत आलो तर एकही जण जिवंत नव्हता." त्यांनी लेखकांकडे बोट दाखवलं. "मुद्रितांच्या समासात दोनदा लिहिलं, हे खोटं आहे. यांनी दोनदा खोडलं. मी कोणाला मारणार? मला अजून जिना चढताना घाम फुटतो. वाटलं, भीती म्हणजे काय ते यांना एकदा कळू दे."

मग लेखक पुढे आले. पुस्तकाचं १९२वं पान उघडून त्यांनी ते म्हाताऱ्यापुढे ठेवलं आणि स्वतःचं पेन दिलं.

"दुरुस्त करा," ते म्हणाले. "उद्या सत्कारात मी हेच वाचून दाखवतो."

म्हाताऱ्याने जन्मात पहिल्यांदा छापलेल्या पानावर खूण केली. बाहेर पुन्हा विमानाची घरघर सुरू झाली. लेखकांनी जाऊन खिडकी लावली.