चढा भोंगा

“बाई, ‘कडी काढ’ तुम्हीच गायलात ना?”

भर वर्गात, भूमितीच्या तासाला, इंदूनं विचारून टाकलं. फळ्यावर लिहिता लिहिता बाईंना त्या गाण्याच्या ओळी पुटपुटताना तिनं ऐकलं होतं. मैत्रिणींनी पैजच घातली होती: विचारून दाखव, नाहीतर ‘डिटेक्टिव्ह’ म्हणवून घेणं सोड. शाळेच्या घंटेचा हातोडा कुणी पळवला ते हुडकून काढल्यापासून इंदू बिराजदारचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

मालतीबाईंच्या हातातला खडू मोडला. त्या ‘हो’ म्हणाल्या नाहीत, ‘नाही’ही म्हणाल्या नाहीत. आणि नेमक्या दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या.

ते १९७४ साल होतं. सोलापुरात गिटार आणि ड्रम आणणारे ‘शटलर्स’ बँडवाले आता पिकल्या केसांचे झाले होते. वीस वर्षं त्यांनी लग्नं आणि गॅदरिंगं वाजवली आणि आता कुठं त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. एका बाजूला नुसतं वादन, दुसऱ्या बाजूला ‘कडी काढ गं, कडी काढ, बाहेर ऊन पडलंय’. हॉटेलाहॉटेलांत तेच वाजत होतं. गाणारीचं नाव मात्र तबकडीवर नव्हतं. पोरींना घराबाहेर पळायला शिकवणारं गाणं, आणि ते बाईंनी गायलं, असं शाळेच्या मंडळाचं मत पडलं. शनिवारी मालतीबाईंनी खुलासा द्यायचा, नाहीतर राजीनामा.

“तुझ्या एका प्रश्नापायी बाई चालल्या की गं,” शिवलीला म्हणाली. ती इंदूची जिवलग मैत्रीण. मनानं सोनं, पण डोक्यात उजेड जरा उशिरा पडायचा.

इंदूनं दप्तर खांद्याला लावलं. “खरी गाणारी सापडली तर बाई सुटतील. चल!”

आधी दोघी दप्तरं टाकायला इंदूच्या घरी गेल्या. आप्पा आरशासमोर दाढी करत होते. ते मिलच्या टाइम-ऑफिसात कारकून. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. त्या आठवड्यात रात्रपाळी होती. कोपऱ्यावरच्या हॉटेलात ‘कडी काढ’ लागलं तसे आप्पा फेसातूनच गुणगुणू लागले.

“आप्पा, तुम्हाला आवडतं हे?”

“छे! थिल्लर.” गाणं संपता संपता मागं बारीकसा भोंगा ऐकू येतो. तो ऐकून आप्पांनी वस्तरा थांबवला. “आणि हा भोंगा कुठल्या मिलचा धरलाय कोण जाणे. आमचा नव्हे. आमचा खालच्या सुरात लागतो.”

“मग रेकॉर्ड मुंबईत केली असंल की,” शिवलीला म्हणाली.

आत आई भाकऱ्या थापत होती. पूर्वी थापताना ती काहीतरी गुणगुणायची. हल्ली नुसतीच थाप-थाप.

“आई, कोण गात असेल गं?”

“आपल्याला काय करायचंय?” म्हणत आईनं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

“आणि ही डिटेक्टिव्हगिरी पुरे,” आप्पा म्हणाले. “अक्कलकोटच्या पाहुण्यांना आम्ही ‘मुलगी अबोल आहे’ म्हणून कळवलंय.”

मालतीबाई आपल्या घरी खिडक्या लावून बसल्या होत्या. बाहेर टारगट पोरं तेच गाणं शिट्टीवर वाजवत होती. खोलीत श्वास कोंडत होता.

“शब्द माझे आहेत, इंदू. ते लपवणार नाही. आवाज माझा नाही.”

“मग कुणाचा?”

“सांगणार नाही असं वचन दिलंय. मला निदान नोकरी होती. तिला तेवढंही दार नाही.”

पुढची रंभाबाई. एके काळी मेळे गाजवलेली.

“मी?” ती खो खो हसली. “माजा गळा ह्यो असा, ढोलावानी! त्यो आवाज सोळा वर्साच्या पोरीचा हाय. पर दम बघ की तिचा! एवढी लांब तान पोरीटोरीला झेपत न्हाय. मलाच कोडं पडलंय.”

‘शटलर्स’चे म्होरके एकनाथ मास्तर रेल्वेत तिकिटं द्यायचे. त्यांनी गिटारवर गाणं वाजवून दाखवलं. नाव विचारलं की मात्र हसून मान हलवायचे.

“मास्तर, हे लई जड वाटतंय,” शिवलीला म्हणाली. “रेकॉर्डवर कसं उडतंय!”

“वय झालं, पोरी.”

“रेकॉर्ड याच उन्हाळ्यात केलीत ना?” इंदूनं विचारलं. “तेव्हा तरुण होतात?”

मास्तर खाली मान घालून तारा पिळत बसले.

शेवटी ड्रमवाले चाँदभाई. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

“मुंबई? क्या बोलती बेटी! इसीच खोलीमें किये. टेप मुंबईकू भेजे, रेकॉर्डके तवे उधर बने.”

“मग तो भोंगा?”

“अपना मिलवाला. खिडकी बंद किये, दरवाजा बंद किये, गरमीमें उबल गये सब. फिर भी घुस्या कमबख्त!”

“पण आप्पा तर म्हणाले, तो आपला नव्हे!” शिवलीला गोंधळली. “कोणतरी खोटं बोलायलंय.”

इंदू भर रस्त्यात थांबली. “नाही शिवे. दोघंही खरं बोलतायत.”

ती तडक शिवलीलाच्या घरी गेली, प्लेअर आणि ‘कडी काढ’ची रेकॉर्ड मागून घेतली आणि एकटीच दार लावून बसली. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरला होता. बोलावं तर एक माणूस अडकतं, न बोलावं तर दुसरं. शिवलीलानं हजारदा विचारलं. इंदू प्लेअर आणि रेकॉर्ड उचलून घरी निघाली.

शुक्रवारी दुपारी इंदूनं सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. मालतीबाई, मास्तर, चाँदभाई आले. आप्पा कपाळाला आठ्या घालून बसले. आईनं चहा दिला आणि आत जाऊन आतून कडी घातली.

“आधी शेवट ऐका,” इंदू म्हणाली. प्लेअरवर ‘कडी काढ’ संपत आलं. बारीक, चढा भोंगा वाजला. आणि त्याच्या पाठोपाठ बाहेर खरा भोंगा झाला. रुंद, खालचा.

“बघ, म्हटलं नव्हतं?” आप्पा म्हणाले. “हा वेगळा.”

“वेगळा नाही आप्पा, पळवलेला. चाँदभाईंच्या खोलीतली टेप मुद्दाम जोरात फिरवली. टेप पळाली की सगळंच चढतं. भोंगा बारीक होतो. मास्तरांचं जड गाणं उडायला लागतं. आणि मोठ्या बाईचा गळा सोळा वर्षांच्या पोरीचा होतो. दम मात्र मोठ्या बाईचाच राहतो. रंभाबाईंना पडलेलं कोडं ते हेच.”

चाँदभाईंनी कान पकडले. मालतीबाई भिंतीकडं बघत होत्या.

“पण कशापायी?” शिवलीलानं विचारलं.

“आवाज ओळखू येऊ नये म्हणून. म्हणजे तो रोज ऐकणारं कुणीतरी आहे.” इंदूनं गाण्याच्या सुरुवातीला सुई आणली, पण टेकवली नाही. “तबकडीच्या कडेला बोट हलकं टेकलं की भोंगा जागेवर येतो, गळाही. ते ऐकवायचं का, हे मात्र गाणारीनंच ठरवावं.”

हे ती बंद दाराकडं बघून म्हणाली.

खोलीत पंखा नव्हता, घाम निथळत होता.

मग कडी वाजली. पदराला पीठ लागलेली आई दारात उभी होती.

“ठेव बोट,” ती म्हणाली.

इंदूनं बोट ठेवलं. गाणं मंदावलं, खाली उतरलं. लहानपणापासून भाकरीच्या थापांबरोबर ऐकलेला आवाज खोलीभर पसरला. आप्पांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

“तू?”

“मीच. बाईंनी मला भजनात ऐकलं. आवाज बदलणार असाल तर गाते, अशी अट मीच घातली. आणि गाणं गावभर झालं तशी घरात गुणगुणायचीसुद्धा चोरी झाली.” आईनं पदराचं पीठ झटकलं. “उद्या मंडळापुढं मी येते, बाई. माझ्यापायी तुमचं नको.”

“लोक काय म्हणतील?” आप्पा पुटपुटले.

“तुम्ही दाढी करताना म्हणता, तेच म्हणतील,” इंदू म्हणाली.

शिवलीला फिसकन हसली. आप्पा हसले नाहीत. ते बायकोकडं नुसते बघत राहिले.

“पण वहिनी, तिथं विश्वास कोण ठेवणार?” मास्तर म्हणाले. “रेकॉर्डवरचा आवाज तर तुमच्याशी जुळत नाही.”

इंदू उठली. ती आई-आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“आई, आप्पा, मी ठरवलंय. प्रश्न मी भर वर्गात विचारला होता. उद्या आईबरोबर हा प्लेअर घेऊन मी जाणार, मंडळापुढं बोट मी ठेवणार आणि बोलणारही मीच. शाळेतून काढलं तर काढू देत. आणि अक्कलकोटला आजच कळवा, मुलगी अबोल नाही.”