धनेशाची मादी

राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातली धनेश पक्ष्याची मादी सोमवारी सकाळी पिंजऱ्यात नव्हती. दोनच दिवसांनी तिला परदेशी पाठवायचं ठरलं होतं. संचालकांनी तातडीने खासगी गुप्तहेर ताईंना बोलावलं. नेहमीप्रमाणे त्यांचे थोरले भाऊ, दादा, सोबत आले.

संचालकांचा संशय राखणदार काकांवर होता, कारण त्या पिंजऱ्याकडे त्यांचीच ये-जा असे. तीस वर्षं पक्षी सांभाळलेले काका मात्र एकच सांगत होते: पहाटे आलो तेव्हा कुलूप तोडलेलं आणि दार सताड उघडं होतं.

पशुवैद्य बाई नव्यानेच रुजू झाल्या होत्या. पिंजऱ्यातल्या वाळक्या खोडाची मागची ढोली मातीने बुजलेली पाहून त्यांनी त्या सकाळीच काकांना विचारलं होतं. मधमाश्या बसू लागल्या म्हणून आपणच ती गेल्या वर्षी लिंपली, असं काका म्हणाले. धनेशाच्या या जोडीने दहा वर्षांत घरटं केलं नव्हतं, म्हणून बाईंनीही विषय सोडला.

ताई अर्धा तास पिंजऱ्यापाशी थांबल्या. पिंजऱ्यात उरलेला नर अंजीर चोचीत धरून खोडामागे जायचा आणि रिकाम्या चोचीने परत यायचा.

"एकटा पडलाय बिचारा. अन्न गोड लागत नसेल," दादा म्हणाले.

"दोघांचं ताट संपवलंय त्याने, दादा."

मग ताईंनी आत जाऊन ढोलीच्या मातीला बोट लावलं. माती ओलसर होती आणि तिच्यात अंजिराच्या बिया होत्या.

दुपारी कार्यालयात सगळे जमले.

"दार सताड उघडं असतं, तर नरही उडून गेला असता," ताई म्हणाल्या. "म्हणजे दार उघडलंच नव्हतं. मादी आतच आहे. वर्षापूर्वीची माती ओली राहत नाही, आणि माणूस लिंपताना तीत बिया घालत नाही. धनेशाच्या मादीची रीतच ती: तिने स्वतःला ढोलीत कोंडून घेतलंय, अंडी घालायला. नर फटीतून भरवतोय. कुलूप काकांनीच तोडलं."

काकांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"सांगितलं असतं, तर खोड फोडून नेली असती तिला. त्यापेक्षा चोर म्हणवून घेतलेलं परवडलं."

पिल्लं बाहेर यायला चार महिने लागतील, तोवर ढोलीला हात लावता येणार नाही, असं पशुवैद्य बाईंनी स्पष्ट सांगितलं. संचालकांनी फोन करून मादीची रवानगी रद्द केली. मग खोटं बोलल्याबद्दल काकांच्या निलंबनाचा हुकूम लिहायला घेतला.

सही करून त्यांनी कागद काकांपुढे सरकवला. तारीख चार महिन्यांनंतरची होती.